सतरा नकार

ऐनाच्या फांदीला टांगलेली टोपली मनस्वीने खाली उतरवली, वरचा प्लास्टिकचा कागद बाजूला केला आणि आतले फोन एकेक करून सपाट दगडावर मांडले. सात होते. दोनांच्या काचा तडकलेल्या, एकाच्या मागच्या झाकणाला चिकटपट्टी. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पहिल्या फोनला वायर जोडली.

"अॅप सगळ्यांत टाकलंय?" तिने विचारलं.

"सगल्यांत," वाडीची आशाताई रुपाली म्हणाली. "कुठल्या कंपनीची रेंज कवा जाईल त्याचा काय नेम? आज ह्याची गेली, उद्या त्याची. म्हनून सगल्यांत टाकून ठेवलं."

"ऑगस्टच्या शिबिरात हे बोलला नाहीत."

"तू एकच फोन मागितलास. मी एकच आनला."

वाडी खाली खोलगट जागेत होती, तिथे कुठलीच रेंज पोचत नसे. पोचायची ती फक्त या टेपावर, या उंचवट्यावर. सकाळी शेतावर जाताना माणसं आपापले फोन टोपलीत टाकून जात. जो वाजेल तो जवळपास असलेल्याने उचलायचा, आणि ज्याचा निरोप असेल त्याला वरून हाक मारायची. हाक थेट ओढ्यापर्यंत ऐकू जाई. मनस्वीला ही पद्धत आज, चौदा दिवस उशिरा, कळत होती.

वैशाखरे गावच्या गोजरांची मनस्वी एमएस्सी होऊन दोन वर्षं शहापूरच्या एका छोट्या संस्थेत काम करत होती. संस्थेने आशाताईंसाठी एक अॅप केलं होतं. साप चावला की कुठल्या केंद्रात सर्पदंशाची लस शिल्लक आहे ते त्यात पाहायचं आणि तिथल्या कुप्या रुग्णासाठी राखून ठेवायच्या. काम एवढंच. पण भातकापणीच्या दिवसांत या दोन तालुक्यांत एवढं काम पुष्कळ होतं.

फोन आणि सर्व्हर बोलायला लागले की आधी दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. ही देवाणघेवाण उघड्यावर होते, आणि तरी चोरून ऐकणाऱ्याला किल्ली कळत नाही. कॉलेजात हे गणित फळ्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनस्वीने घरी जाऊन ते पुन्हा सोडवलं होतं, निव्वळ आनंदासाठी. त्या देवाणघेवाणीत सर्व्हर स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतो आणि फोन ते तपासून घेतो. सर्व्हर मात्र फोनला काही विचारत नसे. समोर कोण आहे हे न जाणता तो त्याच्याशी अतिशय सुरक्षितपणे बोलत असे. त्यानंतर लागायचा तो पासवर्ड सगळ्या आशाताईंचा एकच होता, आणि तो केव्हाच बाहेर फुटला होता.

जूनमध्ये कोणीतरी गंमत म्हणून चाळीस कुप्या राखून ठेवल्या. अर्धा दिवस दोन केंद्रांतला साठा शून्य दिसत राहिला. कोणाला काही झालं नाही, पण मनस्वीला झोप लागेना. तिने महिनाभर बसून ती देवाणघेवाण बदलली. आता फोननेही स्वतःची ओळख पटवायची. ऑगस्टमध्ये किन्हवलीच्या शिबिरात तिने एकशे बारा फोनांत एकशे बारा प्रमाणपत्रं स्वतःच्या हाताने घातली. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याच्याशी सर्व्हर किल्ली ठरवणारच नव्हता.

"फक्त साठा बघायचा असेल तर?" तिच्या वरिष्ठांनी, शेखर सरांनी, तेव्हा विचारलं होतं. "तेवढं अनोळखी फोनला दिसू द्यायचं का?"

"अर्धा उघडा दरवाजा म्हणजे उघडाच दरवाजा, सर."

सरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते सादरीकरणात घातलं. नाकारलेल्या फोनवर कारण दाखवायचं नाही, हेही मनस्वीनेच ठरवलं. परक्याला जितकं कमी कळेल तितकं बरं. त्याच्या पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राही.

सातव्या फोनची वायर तिने काढली.

"काय मिलालं?" रुपालीने विचारलं.

"नाही. फोनवर जागा कमी म्हणून जुन्या नोंदी आठवड्याने पुसल्या जातात."

"ते कोनी ठरवलं?"

"मीच."

रुपालीने हसल्यासारखं केलं. तिने पदराने एका फोनची काच पुसली. "हा चंदरचा," ती म्हणाली. "ह्याच्यावरपन दाबलं व्हतं मी."

चंदरची बहीण लहानी कापणीला माहेरी आली होती. अठ्ठावीस वर्षांची. अकराला दहा मिनिटं असताना तिने भाताचा भारा उचलला आणि खालची घोणस तिच्या पोटरीला चावली. रुपाली धावत टेपावर आली. तिच्या स्वतःच्या फोनची, प्रमाणपत्र असलेल्या एकमेव फोनची, रेंज सकाळपासून गेलेली होती. रुग्णवाहिकेच्या नंबरवर एक तास लागेल म्हणून सांगितलं. जवळच्या केंद्रात कोणी फोन उचलेना. मग ती अॅप उघडून बसली. हाती आला त्या फोनवर साठा पाहत राहिली, आणि प्रत्येकावर चक्र फिरत राहिलं. तोवर चंदरने बहिणीला मोटरसायकलवर स्वतःच्या आणि आई बाईजाच्या मध्ये बसवलं आणि जवळचं केंद्र गाठलं. तिथली लस आदल्याच दिवशी संपली होती. पुढे चौतीस किलोमीटरवरच्या केंद्रात चौदा कुप्या होत्या. लहानी तिथे पोचली तेव्हा दुपारचा दीड वाजत आला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

चंदरने तक्रार दिली. आशाताईने लस कुठे आहे ते पाहिलंच नाही, सांगितलंच नाही. तालुक्याहून संस्थेला विचारणा आली आणि शेखर सरांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं. 'नोंदणीकृत फोनवरून त्या दिवशी एकही चौकशी झालेली नाही.' त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं.

त्यानंतर मनस्वीने संस्थेत सर्व्हरवरची दुसरी नोंदवही उघडली होती, नाकारलेल्यांची. ती कोणी कधी वाचत नसे. अकरा वाजून चार मिनिटांपासून अकरा एकोणतीसपर्यंत सतरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेळ होती आणि पुढे एकच मजकूर: प्रमाणपत्र नाही, संपर्क बंद.

"कोणाच्या आहेत ह्या?" सरांनी विचारलं होतं.

"रुपालीताईंच्या असणार."

"असणार म्हणजे? नाव कुठाय?" सर रागावले नव्हते. "हे तूच बसवलंस, मनस्वी. ओळख पटली नाही त्याचं नाव आपण लिहू शकत नाही. चौकशीत विचारतील, या सतरा त्याच बाईच्या कशावरून? काय सांगशील?"

चौकशी उद्या अकराला होती.

"म्हंजे मी दाबत व्हते ते तिकडे पोचत व्हतं?" रुपालीने विचारलं.

"पोचत होतं. सतरा वेळा पोचलं."

"आनि मंग?"

"तुम्ही आहात हे त्याला पटत नव्हतं."

रुपालीने मान हलवली. खाली एका खाचरात दोन बायका भारे बांधत होत्या. त्यातली एक कंबर सरळ करायला उभी राहिली, तिने वर टेपाकडे पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली.

"बोलायचं तरी त्याने," रुपाली म्हणाली. "माझा नवरा रुसला का असाच, नुसता घुमत बसतो. पन शेवटाला तोपन 'नाय' बोलतो. हा 'नाय' बोलला असता ना, तर मी अॅप सोडून दिलं असतं. वरूनच वरडली असती, जवलचं सोडा, सरल लांबच्याला जा. तिकडे लस असतेच, मला म्हायती व्हतं. पन गोल गोल फिरतंय म्हंजे येतंय असं वाटत ऱ्हातं गो. आता येईल, आता येईल."

मनस्वीने लॅपटॉप मिटला. तो कोमट झाला होता. त्यावर तिने दोन्ही तळवे ठेवले.

"उद्या मी हे सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "लिहूनही आणलंय. पण ताई, सात फोनांत अॅप टाकलं होतं हेही सांगावं लागेल. पासवर्ड दुसऱ्याच्या फोनात घालणं नियमात बसत नाही."

"मंग काढतील मला."

"कदाचित."

"काढू दे." रुपाली फोन परत टोपलीत ठेवू लागली. "परवा त्या कुणालीकडे गेली. सातवा लागलाय तिला. दार अर्धं लावलं न् आतून बोलते, तू नको येऊस, दुसरी कोन असेल ती पाठव. तिचं पयलं बालंतपन मी केलंय. गाडी आली नवती तवा ह्या हातांनी." तिने हात पुढे केले नाहीत. फोन ठेवत राहिली. "काम जाऊ दे. पन लहानी माझ्यामुलं गेली, ते पुसलं पायजे. त्याच्यासाठी कायतरी कर."

"मला एक माणूस हवाय. तुम्हाला इथे फोन दाबताना पाहिलेला."

"कोन असनार? सगली कापनीला. शेजारचे हनुमान भावजीपन पार वढ्यापल्याड."

मनस्वी उठून टेपाच्या कडेला गेली. खालून लाल रस्ता वळण घेऊन जात होता. एवढ्या जवळून, की कडेला पडलेली बाटली दिसत होती.

"मोटरसायकल इथूनच गेली असेल ना?"

रुपालीने प्लास्टिकचा कागद टोपलीवर घातला, कडा आत खोचल्या, एक सुटली ती पुन्हा खोचली.

"चंदरला कायपन इचारू नको," ती म्हणाली.

"का?"

"त्याची भैन गेली हाय."

"ताई..."

"नको बोलले ना." टोपली फांदीला अडकवून ती टेप उतरायला लागली. मागे वळून पाहिलं नाही.

मनस्वी दुसऱ्या वाटेने वाडीत, चंदरच्या घरी आली.

बाईजा अंगणात सुपाने भात पाखडत होती. तिने नजर वर न करता विचारलं, "कोनाची गो तू?"

"गोजरांची. वैशाखऱ्याची."

"घाटरस्त्याच्या गोजरांची? तुझी आजी आमच्या मावशीच्या जावंची भैन लागायची." म्हातारीने सूप खाली ठेवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. "बस. ऊन हाय."

मनस्वी बसली नाही. तांब्या हातात धरून तिने सांगायला सुरुवात केली. आधी अॅप म्हणाली, मग सर्व्हर म्हणाली, आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लस कुठे आहे हे सांगणारं एक मशीन आहे. रुपालीने त्याला सतरा वेळा विचारलं. मशीनने तिला ओळखलं नाही, म्हणून सांगितलं नाही. ओळख पटल्याशिवाय कोणाला काही सांगू नकोस, हे त्याला मी शिकवलं होतं.

बाईजा ऐकत होती. तिच्या केसांत तूस अडकलं होतं. ऐकून झाल्यावर तिने तांब्याकडे पाहिलं.

"तू पानी पी," ती म्हणाली. "दिलेलं पानी धरून उभं ऱ्हाऊ नये."

मनस्वी प्यायली.

"तुम्ही खालून गेलात तेव्हा रुपालीताई टेपावर दिसल्या का?"

"मी तिचं तोंड बघत व्हती गो. माझ्या पोरीचं. दुसरं कायपन बघितलं नाय." तिने सूप पुन्हा उचललं. "चंदर खल्यावर हाय. तो झोडतोच हाय दहा दिवस. दुसऱ्याचं भातपन झोडून देतो. जेवाय बोलवलं तरी येत नाय."

खळं घरामागेच होतं. चंदर भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन फळीवर आपटत होता. चार फटके, पेंढी उलटी, पुन्हा चार. एरवी तो महामार्गावरच्या गोदामात कामाला होता. आता रजा संपूनही गेला नव्हता. मनस्वीने संस्थेचं नाव सांगितलं तेव्हा त्याने हात थांबवला नाही.

"उद्या बोलीन मी चौकशीला. साहेबांनी कशाला पाठवलं? समजवायला?"

"त्यांनी पाठवलं नाही."

आईला सांगितलं ते तिने त्यालाही सांगितलं. या वेळी कमी शब्द लागले.

"म्हंजे मशीनची चूक," चंदर म्हणाला. "बरं हाय मॅडम तुमचं. मशीनला काय कोन फाशी देत नाय."

"मशीनची नाही. त्याने मी सांगितलं तेच केलं."

तेव्हा त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. घामाला भुसा चिकटून त्याच्या भुवया पांढुरक्या झाल्या होत्या.

"मंग तिथे शहापूरला बसून लिवायचं ना. इथे माझ्या खल्यावर कशाला?"

"माझ्याकडच्या नोंदीवरून एवढंच ठरतं की कोणीतरी सतरा वेळा विचारलं. कोणी विचारलं ते ठरत नाही. उद्या म्हणतील, कोणी का असेना, रुपालीबाई नव्हत्या."

त्याने पुढची पेंढी उचलली. एक, दोन, तीन फटके. चौथ्यासाठी ती वर गेली आणि तशीच राहिली. मग त्याने ती हळूच खाली घेतली, न झोडलेल्या बाजूला ठेवली.

"ती वरून वरडली व्हती," तो म्हणाला.

मनस्वीने पिशवी खाली ठेवली.

"थांब, बोलली. टेपावरून हाक आली का थांबायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालापन म्हायती हाय. मी वर बघितलं. उभी व्हती, हातात फोन, हात करत व्हती." तो फळीच्या कडेवर बसला. "मला वाटलं, आता ही खाली येनार, चप्पल शोधनार, पिशवी घेनार, संगती येते बोलनार. तिची सवयच हाय ती. मी गाडी दामटली."

"त्यांनी हे कोणालाच सांगितलेलं नाही."

"म्हायती हाय." तो म्हणाला, "मी वाट बघत व्हतो, कवा सांगते. तिने सांगायच्या आधी मी तक्रार घातली."

कोंबड्या खळ्यात शिरल्या होत्या. त्याने त्यांना हाकललं नाही.

मनस्वीला जे म्हणायचं होतं ते तिने मनात एकदा तपासून पाहिलं. दया म्हणून ती ते बोलणार नव्हती. वेळा तिला पाठ होत्या.

"तुमच्या तक्रारीतल्या वेळेवरून मोटरसायकल खालून गेली ती अकरा दहाच्या सुमाराला," ती म्हणाली. "तोवर पाच नकार झाले होते. तुम्ही थांबला असता तरी त्यांच्या हातात तेच फिरणारं चक्र होतं. नुसते थांबून राहिला असता."

"खरं सांगताय का बरं वाटावं म्हनून?"

"खरं."

"मंग सगलं तुमच्यावरच येतंय की."

"हो."

त्याने तळहात मांडीला पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"कागद आनलाय?"

तिने पिशवीतून दोन कागद काढले. एक कोरा होता. त्याने आधी लिहिलेला मागून घेतला आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचला. सतरा ओळी, प्रत्येकीत वेळ, नाव कुठेच नाही. त्याखाली परिच्छेद. मग तिची सही.

"ह्यात तुमचं नाव हाय."

"हो."

"साहेबांनी बघितलंय?"

"नाही."

त्याने कागद परत दिला. "माझं लिवा."

मनस्वी खळ्याच्या कडेला मांडी घालून बसली. लॅपटॉपच्या पाठीवर कोरा कागद ठेवून तिने लिहिलं की आपण बहिणीला घेऊन टेपाखालून जात असताना रुपालीताई वर फोन हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांनी आपल्याला थांबण्यासाठी हाक मारली, आपण ती ऐकली आणि थांबलो नाही. लिहिलेलं तिने वाचून दाखवलं. चंदरने कागद हातात घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला.

"एकदा नाय," तो म्हणाला. "दोनदा वरडली. दोनदा लिवा."

मनस्वीने 'हाक'च्या आधी खूण केली आणि वरच्या मोकळ्या जागेत तो शब्द लिहिला. त्याने ती जागा बोटाने चाचपली, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पेनासाठी हात पुढे केला.